एसएसडी आणि अडॅप्टर कार्ड यांचा मेळ

दहा-बारा वर्षांपूर्वी घेतलेला संगणक आज अतिशय मंद वाटू लागतो, तेव्हा दोष बहुधा त्याच्या प्रोसेसरचा नसतो. तो हार्ड डिस्कचा असतो. हार्ड डिस्क हे फिरते यंत्र आहे. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या तबकडीस एक फेरा पुरा करण्यास सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात, आणि हवी ती माहिती वाचकशीर्षाखाली येण्यासाठी सरासरीने अर्धा फेरा, म्हणजे सुमारे ४.२ मिलिसेकंद, नुसती वाट पाहावी लागते. शीर्षास योग्य वर्तुळावर सरकण्यास लागणारा वेळ वेगळाच. एसएसडी, म्हणजे सॉलिड-स्टेट ड्राइव्ह, हिच्यात फिरणारे असे काहीच नाही. तिच्यातील माहिती फ्लॅश स्मृतीच्या चिपांमध्ये विद्युत्भाराच्या रूपाने साठविलेली असते, आणि ती हाती येण्यास मिलिसेकंदाचा सुमारे दहावा भाग पुरतो. म्हणून जुन्या संगणकातील हार्ड डिस्क काढून तिच्या जागी एसएसडी घालणे हा त्याला पुन्हा उपयोगी करण्याचा सर्वांत स्वस्त उपाय ठरला आहे. शाळांच्या आणि ग्रंथालयांच्या दृष्टीने तर ही गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. विंडोज १० ह्या प्रणालीच्या नियमित सुरक्षा-दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या. तेव्हापासून असंख्य जुने संगणक भंगारात काढावे की त्यांच्यावर लिनक्ससारखी प्रणाली बसवून आणखी काही वर्षे चालवावे, हा प्रश्न अनेक संस्थांपुढे उभा आहे.

ह्या कामाचा सरळ मार्ग म्हणजे अडीच इंची साटा एसएसडी घेणे. हार्ड डिस्कची केबल काढावयाची व तीच एसएसडीस लावावयाची. मध्ये कोणतेही अडॅप्टर येत नाही. परंतु आता बाजारात भर आहे तो पट्टीसारख्या एम.२ एसएसडीचा. ती अधिक वेगवान असते, कित्येकदा अडीच इंचीपेक्षा स्वस्तही मिळते, आणि एखाद्या बंद पडलेल्या लॅपटॉपमधून निघालेली तर फुकटच हाती येते. जुन्या मदरबोर्डवर मात्र तिच्यासाठी जागा नसते. मग दुकानदार एक छोटे कार्ड दाखवितो: एका बाजूस एम.२ पट्टी बसते, दुसऱ्या बाजूने कार्ड मदरबोर्डच्या स्लॉटमध्ये बसते. सर्व काही नीट बसते, स्क्रूही घट्ट होतो. संगणक सुरू केला की पडद्यावर उमटते, ‘डिस्क आढळली नाही’. एसएसडी परत न्यावी, तर दुसऱ्या संगणकावर ती उत्तम चालते. कार्ड परत न्यावे, तर त्यातही खोट सापडत नाही. दोन्ही वस्तू निर्दोष असून त्यांचा मेळ मात्र नाही, अशी ही स्थिती असते. ती का उद्भवते हे ह्या पाठात पाहावयाचे आहे.

येथे परिभाषेविषयी दोन शब्द. स्लॉट, पिन, अडॅप्टर, केबल हे शब्द आम्ही तसेच ठेवले आहेत. मुंबईच्या लॅमिंग्टन रस्त्यावर, दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये किंवा चेन्नईच्या रिची स्ट्रीटवर जाऊन ‘अनुयोजक पत्र’ मागणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती काय पडेल ह्याची कल्पना वाचकांनीच करावी.

आकार एक, भाषा दोन

सर्व गोंधळाचे मूळ एका गोष्टीत आहे. ‘एम.२’ हे केवळ आकाराचे आणि जोडणीचे नाव आहे; आतल्या बोलीचे नाव नव्हे. २०१३ च्या सुमारास हा आकार रूढ झाला. त्यापूर्वी त्यास ‘एनजीएफएफ’ म्हणत, आणि काही स्वस्त अडॅप्टरांवर ती अक्षरे अद्यापही छापलेली आढळतात. पट्टीवर २२८० असा अंक असतो. त्यातील पहिले दोन अंक रुंदीचे, म्हणजे २२ मिलिमीटर. पुढले लांबीचे, म्हणजे ८० मिलिमीटर. ह्याच रुंदीच्या ३०, ४२, ६० आणि ११० मिलिमीटर लांबीच्याही पट्ट्या असतात. लांबीचा मेळ डोळ्यांनीच कळतो. ११० मिलिमीटरची पट्टी ८० पर्यंतच छिद्रे असलेल्या कार्डावर बसणार नाही हे सांगावयास नको.

बोलीचे तसे नाही. एम.२ पट्टी दोन निरनिराळ्या बोलींपैकी एक बोलते. पहिली साटा. ही हार्ड डिस्कच्या काळापासून चालत आलेली आहे. तिची तिसरी आवृत्ती २००९ मध्ये आली. तिचा वेग सेकंदास ६ गिगाबिट. ह्या पद्धतीत आठ बिटांची माहिती दहा बिटांत गुंफून पाठविली जाते, म्हणून प्रत्यक्ष माहितीचा वेग सेकंदास ६०० मेगाबाइटांपलीकडे जाऊ शकत नाही, आणि व्यवहारात तो ५५० च्या आसपास राहतो. दुसरी बोली पीसीआय एक्स्प्रेस. ग्राफिक्स कार्डे, नेटवर्क कार्डे इत्यादी ज्या मार्गाने प्रोसेसरशी जोडली जातात तोच हा मार्ग. ह्या मार्गावरून फ्लॅश स्मृतीस आज्ञा देण्याचे जे नियम आहेत त्यांस एनव्हीएमई म्हणतात. त्यांची पहिली आवृत्ती २०११ च्या मार्च महिन्यात प्रसिद्ध झाली. जुन्या एएचसीआय नियमांत आज्ञांची एकच रांग असे व तिच्यात ३२ आज्ञा मावत. एनव्हीएमईमध्ये अशा ६५ हजारांहून अधिक रांगा आणि प्रत्येक रांगेत ६५ हजारांहून अधिक आज्ञा ठेवण्याची मुभा आहे. फिरत्या तबकडीस इतक्या आज्ञा एकदम देऊन उपयोग नव्हता. फ्लॅशच्या अनेक चिपा मात्र एकाच वेळी कामास लागू शकतात.

तेव्हा समोर ठेवलेली पट्टी कोणती बोली बोलते हे ओळखावे कसे? पट्टीच्या कडेवर सोनेरी संपर्कपट्ट्यांची ओळ असते आणि तिच्यात एक किंवा दोन खाचा असतात. कडेच्या एका टोकास पाच संपर्कपट्ट्या वेगळ्या पाडणारी खाच असेल तर तीस ‘एम’ खाच म्हणतात. दुसऱ्या टोकास सहा वेगळ्या पाडणारी ती ‘बी’ खाच. एम खाचेच्या जोडणीतून पीसीआय एक्स्प्रेसच्या चार मार्गिका जाऊ शकतात, बी खाचेच्या जोडणीतून दोनच. साटाची सोय दोहोंतही असू शकते. आज मिळणाऱ्या एनव्हीएमई पट्ट्यांवर बहुतेक एकच, म्हणजे एम खाच असते. साटा पट्ट्यांवर बहुधा दोन्ही खाचा असतात, जेणेकरून त्या कोणत्याही कनेक्टरात बसाव्यात.

परंतु ‘बहुधा’ आणि ‘बहुतेक’ हे शब्द येथे जपून वाचावेत. दोन खाचा असलेल्या, म्हणून साटा वाटणाऱ्या, पण प्रत्यक्षात दोन मार्गिकांवर एनव्हीएमई बोलणाऱ्या पट्ट्याही निघालेल्या आहेत. खाच ही चुकीच्या ठिकाणी पट्टी बसू नये म्हणून केलेली तजवीज आहे. बसलेली पट्टी चालेलच अशी हमी ती देत नाही. खात्रीचा मार्ग एकच: पट्टीवरील लेबलावरचा नमुना-क्रमांक वाचून निर्मात्याच्या माहितीपत्रकात ‘साटा’ लिहिले आहे की ‘एनव्हीएमई’ हे पाहणे. नुसता नमुना-क्रमांकही कधी अपुरा पडतो. सॅमसंगची २०१५ च्या सुमाराची एसएम९५१ ही पट्टी पीसीआय एक्स्प्रेसवरच चालणारी, पण तिचा एक प्रकार एएचसीआयचे नियम पाळणारा आणि दुसरा एनव्हीएमईचे. दिसण्यात दोन्ही सारख्याच.

ह्याहून जुना असाच एक सापळा एमसाटाचा आहे. २००९ मध्ये आलेल्या ह्या छोट्या कार्डाचा कनेक्टर लॅपटॉपमधील मिनी पीसीआय एक्स्प्रेस कनेक्टरासारखाच ५२ पिनांचा आहे. वायफाय कार्डाच्या जागी एमसाटा एसएसडी बिनबोभाट बसते. त्या जागेस साटाच्या तारा जोडलेल्या नसतील तर ती तेथे नुसती बसून राहते.

तार आणि दुभाषा

अडॅप्टर कार्डांचे दोन वर्ग आहेत, आणि हा भेद एकदा ध्यानात आला की निम्मी कोडी आपोआप सुटतात.

पहिल्या वर्गातील कार्ड म्हणजे केवळ तारांचा जुडगा. एका टोकाच्या पिनांवरचे संकेत दुसऱ्या टोकाच्या पिनांवर पोहोचविणे एवढेच त्याचे काम. त्यावर काही रोधक, धारित्रे आणि एखादा दिवा असतो. बोलीचे ज्ञान त्यास मुळीच नसते. एम.२ पट्टी पीसीआय एक्स्प्रेस स्लॉटमध्ये बसविणारी साधी कार्डे ह्याच वर्गातील होत. म्हणून अशा कार्डावर एनव्हीएमई पट्टी चालते, आणि साटा पट्टी कदापि चालत नाही: तिचे साटा संकेत पीसीआय एक्स्प्रेसच्या तारांवर गेले तरी पलीकडे ते समजणारे कोणीच नसते. एम.२ पट्टीची ६९ क्रमांकाची पिन ‘मी साटा आहे की पीसीआय एक्स्प्रेस’ हे सांगत असते. साटा पट्टीत ती जमिनीस, म्हणजे शून्य विभवास, जोडलेली असते. दोन्ही बोली जाणणारा मदरबोर्ड तिच्यावरून आपली बाजू बदलून घेतो. मुक्या कार्डास तिचा काही उपयोग नाही.

बाजारात दोन कनेक्टर असलेली एक जात मिळते. तिच्यावर एका कनेक्टरात एनव्हीएमई पट्टी बसते व ती स्लॉटशी जोडली जाते. दुसऱ्यात साटा पट्टी बसते, पण तिच्यासाठी कार्डाच्या कडेस साटाचे एक निराळे तोंड असते आणि त्यातून मदरबोर्डपर्यंत केबल न्यावी लागते. स्लॉट त्या पट्टीला केवळ वीज पुरवितो. ही केबल न लावताच कार्ड निकामी ठरविले गेल्याची उदाहरणे फार.

दुसऱ्या वर्गातील कार्डावर दुभाष्याचे काम करणारी चिप असते. यूएसबीच्या तोंडात लावावयाच्या पेट्या ह्या वर्गातील. त्यांतील चिप एका बाजूने यूएसबी बोलते व दुसऱ्या बाजूने साटा किंवा एनव्हीएमई. ज्यास भाषांतराचा अनुभव आहे त्यास हे ठाऊक असते की एका भाषेचा दुभाषा दुसऱ्या भाषेच्या सभेत निरुपयोगी. साटापुरती चिप असलेल्या पेटीत एनव्हीएमई पट्टी चालणार नाही, आणि उलटही नाही. दोन्ही जाणणाऱ्या चिपा आहेत, परंतु तसे पेटीवर स्पष्ट लिहिलेले असले पाहिजे. अडीच इंची आकाराच्या ज्या डबीत एम.२ पट्टी घालून साटा केबल लावतात, ती डबी दुभाष्याच्या वर्गातील वाटली तरी वस्तुतः पहिल्याच वर्गातील असते. तीत फक्त साटा पट्टी चालते.

मार्गिकांचा हिशेब

पीसीआय एक्स्प्रेसचा वेग दोन गोष्टींवर ठरतो: किती मार्गिका आहेत आणि त्या कोणत्या पिढीच्या आहेत. पहिल्या पिढीची (२००३) एक मार्गिका सेकंदास २५० मेगाबाइट वाहते, दुसरीची (२००७) ५००, तिसरीची (२०१०) सुमारे ९८५, आणि २०१७ मधील चौथीची त्याच्याही दुप्पट. जोडणीच्या दोन टोकांत पिढ्या वेगळ्या असल्या तर दोघांना जमणाऱ्या सर्वांत वरच्या पिढीवर तडजोड होते. म्हणून चौथ्या पिढीची एसएसडी दुसऱ्या पिढीच्या स्लॉटमध्ये बिघडत नाही. फक्त सावकाश चालते.

किती सावकाश, हे विद्यार्थ्यांनी स्वतः काढून पाहावे. तिसऱ्या पिढीच्या चार मार्गिका असल्यास ४ गुणिले ९८५, म्हणजे सेकंदास ३९४० मेगाबाइट. दुसऱ्या पिढीच्या चार असल्यास २०००. आणि दुसऱ्या पिढीच्या एकाच मार्गिकेच्या छोट्या स्लॉटमध्ये कार्ड बसविले तर अवघे ५००, म्हणजे जी साटा एसएसडी आपण ‘मंद’ म्हणून नाकारली तिच्याहूनही कमी! ही संख्या नियमांवरून निघालेली कमाल मर्यादा आहे. प्रत्यक्ष वेग आणखी खाली असतो.

स्लॉटची लांबी येथेही फसविते. सोळा मार्गिकांच्या लांबीचा स्लॉट दिसला तरी आत चारच मार्गिकांच्या तारा असू शकतात. शिवाय २०१२ ते २०१४ च्या दरम्यानच्या इंटेलच्या अनेक मदरबोर्डांवर प्रोसेसरशी थेट जोडलेला लांब स्लॉट तिसऱ्या पिढीचा असे आणि चिपसेटशी जोडलेले इतर स्लॉट दुसऱ्या पिढीचेच राहत. ग्राफिक्स कार्ड नसलेल्या शालेय संगणकात तो लांब स्लॉट रिकामाच असतो. एसएसडीचे कार्ड तेथे बसविण्यास काहीच हरकत नाही. चार मार्गिकांचे कार्ड सोळांच्या स्लॉटमध्ये चालते. कार्ड आखूड असेल तर स्लॉटही आखूडच शोधावा, ही समजूत निराधार आहे.

दिसते, पण त्यावरून संगणक सुरू होत नाही

आता सर्वांत अधिक त्रास देणाऱ्या अडचणीकडे वळू. एनव्हीएमई पट्टी योग्य कार्डावर आहे, कार्ड योग्य स्लॉटमध्ये आहे. जुन्या डिस्कवरून संगणक सुरू केला तर नवी एसएसडी व्यवस्थित दिसते, तिच्यावर फायली लिहिता-वाचता येतात. पण जुनी डिस्क काढून नव्या एसएसडीवरूनच संगणक सुरू करू गेले तर तो म्हणतो की सुरू होण्याजोगे साधन नाही. हा विरोधाभास वाटतो, परंतु त्याचे स्पष्टीकरण अगदी सोपे आहे.

संगणकास वीज मिळते त्या क्षणी त्यात विंडोज नसते की लिनक्स नसते. मदरबोर्डवरील एका छोट्या चिपमध्ये कायमची लिहून ठेवलेली आज्ञावली, म्हणजे फर्मवेअर, तेवढी जागी असते. ती डिस्क शोधते, तिच्यावरील सुरुवातीचा भाग वाचते आणि पुढचा कारभार त्याच्या स्वाधीन करते. ही शोधाशोध करण्यासाठी फर्मवेअरला डिस्कची बोली आली पाहिजे. साटा आणि यूएसबी तिला येतात, कारण ती लिहिली गेली तेव्हा त्या बोली प्रचारात होत्या. एनव्हीएमईचे नियम २०११ चे, आणि मदरबोर्डांच्या फर्मवेअरमध्ये ते सर्वत्र शिरण्यास आणखी काही वर्षे गेली. २०१२ च्या मदरबोर्डास ते ठाऊक नसतील तर त्यास एसएसडी दिसतच नाही. विंडोज किंवा लिनक्स एकदा स्मृतीत उतरले की गोष्ट निराळी; त्यांच्याकडे स्वतःचा एनव्हीएमई ड्रायव्हर असतो. लिनक्सच्या गाभ्यात तो २०१२ पासून आहे, विंडोज ८.१ मध्ये मुळातच आहे, आणि विंडोज ७ साठी मायक्रोसॉफ्टने तो स्वतंत्र दुरुस्ती म्हणून दिला होता. पण विहिरीत उतरण्याची दोरीच विहिरीच्या तळाशी ठेवली असेल, तर ती कितीही बळकट असून काय उपयोग!

ह्यावर उपाय आहेत. काही निर्मात्यांनी आपल्या जुन्या मदरबोर्डांसाठी फर्मवेअरची नवी आवृत्ती प्रसिद्ध केली. ती आहे का हे प्रथम पाहावे. काही थोड्या एसएसडींवर, उदाहरणार्थ २०१५ मधील सॅमसंग ९५० प्रो हिच्यावर, जुन्या फर्मवेअरला आपली ओळख करून देणारी छोटी आज्ञावली होती. पुढच्या पट्ट्यांवर ती सहसा ठेवलेली नाही. हौशी मंडळी फर्मवेअरची फाइल उघडून तीत एनव्हीएमईचा ड्रायव्हर स्वतः घालतात. हे शक्य आहे, परंतु लिहिताना वीज गेली किंवा फाइल चुकली तर मदरबोर्ड निष्प्राण होतो. शाळेच्या एकुलत्या एका संगणकावर हा प्रयोग करू नये असे आमचे स्पष्ट मत आहे.

त्यापेक्षा लिनक्सवर एक निर्धोक मार्ग आहे. संगणक सुरू करणारा भाग, म्हणजे ग्रब हा बूटलोडर आणि ‘बूट’ नावाचा विभाग, जुन्या साटा डिस्कवर किंवा एखाद्या लहान पेनड्राइव्हवर ठेवावयाचा आणि बाकीची सर्व प्रणाली एनव्हीएमई एसएसडीवर. फर्मवेअर आपल्याला येणाऱ्या बोलीतील डिस्कवरून लिनक्सचा गाभा स्मृतीत आणते. गाभ्याला एनव्हीएमई येतेच, तो पुढचे सारे एसएसडीवरून वाचतो. मंद डिस्कचा उपयोग केवळ पहिल्या काही सेकंदांपुरता होतो.

ॲपलच्या संगणकांत हीच कथा वेगळ्या वेशात दिसते. २०१३ ते २०१५ च्या मॅकबुक एअर व मॅकबुक प्रो यांतील एसएसडी पीसीआय एक्स्प्रेसच बोलते, पण तिचा कनेक्टर एम.२ नव्हे, त्याच्या संपर्कपट्ट्या १२ आणि १६ अशा दोन गटांत आहेत. बोटाच्या पेराएवढे एक अडॅप्टर मध्ये घातले की सामान्य एम.२ एनव्हीएमई पट्टी तेथे बसते. हे अडॅप्टर पहिल्या वर्गातील, म्हणजे निव्वळ तार. पण २०१७ च्या सप्टेंबरात आलेल्या हाय सिएरा प्रणालीपूर्वी इतर निर्मात्यांच्या एनव्हीएमई एसएसडी त्या संगणकांस उमगत नसत. आणि त्या प्रणालीबरोबर येणारे नवे फर्मवेअरही आवश्यक असे. त्यामुळे जुनीच प्रणाली असलेल्या मॅकबुकातील मूळ एसएसडी काढून तिच्या जागी नवी बसविणाऱ्याची पंचाईत होते: फर्मवेअर अद्ययावत करण्यासाठी मूळ एसएसडी परत बसविणे भाग पडते. २०१३ व २०१४ च्या काही नमुन्यांत तर एवढे करूनही दीर्घ निद्रावस्थेतून संगणक परत जागा होत नसे. २०१० व २०१२ च्या मॅक प्रो ह्या मोठ्या संगणकांत एसएसडी अडॅप्टर कार्डावर बसवून तिच्यावरून सुरुवात करण्याची सोय २०१८ मधील मोजावे प्रणालीबरोबरच्या फर्मवेअरने झाली. त्यांचे स्लॉट दुसऱ्या पिढीचे असल्यामुळे वेगाची मर्यादा मात्र कायम राहिली.

फर्मवेअर एसएसडीतही असते हे विसरू नये. सॅमसंगची ९७० इव्हो प्लस २०१९ च्या आरंभी आली तेव्हा तिच्या पहिल्या फर्मवेअरसह ती अनेक मॅक संगणकांत चालेना. कार्ड, स्लॉट, प्रणाली सारे ठीक असूनही. त्याच वर्षी निघालेल्या पुढच्या आवृत्तीने दोष दूर झाला. ती चढविण्यासाठी पट्टी दुसऱ्या संगणकास लावावी लागे.

वीज, उष्णता आणि चार पट्ट्यांचे कार्ड

एम.२ पट्टीस ३.३ व्होल्टची वीज लागते. पीसीआय एक्स्प्रेस स्लॉट ह्या विभवावर ३ अँपिअरपर्यंत देतो, म्हणजे जवळजवळ १० वॅट. एका पट्टीस तेवढी पुरते. सर्व्हरमधील अडीच इंची यू.२ एसएसडी मात्र १२ व्होल्टवर चालते, आणि एम.२ कनेक्टरात १२ व्होल्ट नसतातच. म्हणून एम.२ वरून यू.२ कडे नेणाऱ्या अडॅप्टरास वीजपुरवठ्याची वेगळी तार जोडावी लागते. उष्णतेविषयी एवढेच की कित्येक एसएसडींची कार्यमर्यादा ७० अंश सेल्सिअस असते आणि तिच्या आसपास त्या आपला वेग स्वतःहून कमी करतात. उभ्या कार्डावर हवा खेळती राहते, ही अडॅप्टर कार्डाची जमेची बाजू आहे.

चार पट्ट्या बसणाऱ्या मोठ्या कार्डांबाबत एक तक्रार वारंवार ऐकू येते: चार बसविल्या, दिसते एकच. कार्डावर चार कनेक्टर आहेत आणि स्लॉटमध्ये सोळा मार्गिका, म्हणजे प्रत्येकीच्या वाट्यास चार. हिशेब बरोबर आहे. पण मदरबोर्ड त्या सोळा मार्गिकांस एकच जोडणी समजतो व पलीकडे एकच साधन शोधतो. पहिली पट्टी सापडली की त्याचे समाधान होते. सोळांचे चार-चार असे विभाजन करण्यास फर्मवेअरमध्ये तशी सोय असावी लागते आणि प्रोसेसरलाही ते मान्य असावे लागते. इंटेलच्या बाराव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांत ह्या मार्गिकांचे आठ-आठ असे दोनच भाग पडतात; एएमडीच्या अनेक रायझेन आणि थ्रेडरिपर प्रोसेसरांवर चार भाग करता येतात. ज्या कार्डावर मार्गिकांची वाटणी करणारी स्विच चिप असते त्यास मदरबोर्डच्या परवानगीची गरज नसते. असे कार्ड बरेच महाग असते. दोन कार्डांची चित्रे सारखी आणि किमती मात्र कितीतरी वेगळ्या दिसल्या तर त्या फरकाचे कारण बहुधा ही एक चिप असते.

माहिती गेली असे वाटते तेव्हा

वरील सर्व प्रकारांत फार तर पैसे व वेळ वाया जातो. एका प्रकारात मात्र माहितीच गमावण्याचा धोका असतो, म्हणून तो शेवटी वेगळा घेतला आहे.

यूएसबी पेटीतील दुभाषी चिप केवळ बोली बदलत नाही. डिस्क कशी मोजावी हेही ती संगणकास सांगते. डिस्क लहान समान खंडांत विभागलेली असते आणि विभागांची सर्व नोंद ‘इतक्या क्रमांकाच्या खंडापासून’ अशा रूपात असते. बहुतेक एसएसडी ५१२ बाइटांचा खंड सांगतात. काही पेट्यांतील चिपा मात्र, विशेषतः मोठ्या धारकतेच्या डिस्क जुन्या प्रणालींना दिसाव्यात म्हणून, ४०९६ बाइटांचा खंड सांगतात. समजा, ग्रंथालयाची पुस्तकनोंद अशा पेटीतील एसएसडीवर ठेवली आहे. पुढे ती एसएसडी पेटीतून काढून संगणकात थेट बसविली, तर खंड पुन्हा ५१२ चे होतात. विभागाची नोंद म्हणते, २५६ व्या खंडापासून वाचा. पेटीत असताना ते ठिकाण २५६ गुणिले ४०९६, म्हणजे १०,४८,५७६ व्या बाइटावर होते. आता संगणक २५६ गुणिले ५१२, म्हणजे १,३१,०७२ व्या बाइटावर पाहतो. तेथे त्याला अर्थ लागेल असे काही मिळत नाही. डिस्क कोरी आहे असे समजून तो विचारतो, ‘फॉर्मॅट करावयाची काय?’

ह्या प्रश्नास ‘होय’ म्हणू नये. एसएसडीवरील एकही अक्षर हललेले नसते. मोजण्याची पट्टी तेवढी बदललेली असते. होकार दिला म्हणजे मात्र नवी नोंद खरोखरच लिहिली जाते, आणि एसएसडीत तर मोकळे झालेले खंड लगोलग पुसून टाकण्याची आज्ञाही त्याबरोबर जाऊ शकते. मग जुने परत मिळणे दुरापास्त. संगणक बंद करून एसएसडी त्याच पेटीत, पेटी हरवली असल्यास त्याच नमुन्याच्या दुसऱ्या पेटीत, परत घालावी. विभाग पूर्ववत दिसतात. तेथून सर्व फायली दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात, त्यांतील काही उघडून पाहाव्यात, आणि त्यानंतरच ती एसएसडी संगणकात बसवून नव्याने विभागावी.